काचेच्या छताची शाकारणी

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की इंटरस्टेट ७० हा महामार्ग थोड्याच वेळात रॉकी पर्वत चढू लागतो. हिवाळ्यात चाकं घसरू नयेत म्हणून कोलोरॅडोत चढावांवर वाळू आणि बारीक खडी पसरतात. बर्फ वितळून जातं, खडी रस्त्यावरच राहते आणि अवजड ट्रकच्या चाकाखाली सापडली की गोफणगुंड्यासारखी मागे सुटते. मार्चमधल्या एका दुपारी आम्ही त्या चढावर होतो. माझा मावसभाऊ त्याचा चार दरवाजांचा पिकअप चालवत होता, मी शेजारी बसले होते. अचानक डोक्यावर बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. सनरूफची काच क्षणात पांढरीफटक पडली, जणू तिच्यावर दहिवर साचलं. काही सेकंद ती चौकटीत तशीच टिकून राहिली, मधोमध थोडी वर फुगली आणि मग मधला भाग आमच्या मांडीवर सांडला.

"ताई, डोळे मीट. वर बघू नकोस," एवढंच तो म्हणाला आणि वेग हळूहळू कमी करत त्याने गाडी कडेला घेतली.

दोघांच्या हातांवर चारदोन ओरखडे उठले, तेवढंच. सीटवर, पायांशी, कप ठेवायच्या खाचेत खडीसाखरेएवढे हजारो खडे पडले होते. आम्हाला वाटलं, काम सरळ आहे. नवी काच आणायची आणि बसवायची. प्रत्यक्षात काच बसवायला पाऊण तास पुरला, पण तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला दोन दिवस लागले. सनरूफ म्हणजे नेमकं काय, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

ठरल्याप्रमाणे फुटणारी काच

बहुतेक सनरूफची काच टफन्ड, म्हणजे तापवून झटक्यात थंड केलेली असते. आकार देऊन, कडा घासून झाल्या की तिला सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर काही सेकंदांत घट्ट होतो, मधला भाग मात्र अजून गरम असतो. तो सावकाश थंड होतो आणि आकसू पाहतो. आधीच घट्ट झालेला वरचा थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा कायमचा ताणाखाली.

हे समजायला ढोल आठवावा. ढोलाच्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि त्याच ताणामुळे त्याचं खोड दाबाखाली असतं. बाहेरून ढोल शांत दिसतो, पण त्याची सगळी ताकद या दाब-ताणाच्या समतोलात असते. टफन्ड काचेच्या पृष्ठभागावरचा दाब सुमारे १०० मेगापास्कल असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास एक टन. काच तुटते ती पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चिरा ताणाने उघडतात म्हणून. इथे मुळातच दाब असल्याने चिरांची तोंडं बंद राहतात. त्यामुळे ही काच साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते.

पण या मजबुतीला एक अट आहे. दाबाचा थर दोन्ही बाजूंनी काचेच्या जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. एखादी चीर तो ओलांडून ताणाच्या गाभ्यात शिरली की समतोल मोडतो आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. चिरेला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या फुटतात, आणि एक मीटर रुंदीची काच डोळ्याचं पातं लवायच्या आत संपूर्ण भुगा होते. म्हणून टफन्ड काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आणि बाकीची शाबूत राहिली, असं कधी होत नाही.

माणसाला हा चमत्कार मोटारीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीवाला एक मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो आणि शेपटी चिमटीने मोडली की सगळ्याचीच पूड होते. राजपुत्र रुपर्टने १६६० च्या सुमारास हे थेंब इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला दाखवले, म्हणून ते रुपर्टचे थेंब म्हणून ओळखले जातात. रॉबर्ट हूकने १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांचा विचार केला होता. चिरेचा वेग मोजायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १९९४ मध्ये श्रीनिवासन चंद्रशेखर आणि मुनव्वर चौधरी या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवलं की थेंबातली चीर सेकंदाला सुमारे दीड ते दोन किलोमीटर धावते. मधल्या काळात, १८७४ मध्ये, फ्रान्सच्या रॉयर द ला बास्ती यांनी तापलेली काच गरम तेलात बुडवून कडक करण्याची रीत शोधली होती. आजची हवेच्या झोताची रीत हा तिचाच पुढचा टप्पा.

बारीक तुकडे होणं हाच या काचेचा सुरक्षेचा गुण आहे. साध्या काचेचे सुरीसारखे लांब तुकडे होतात आणि ते गळा कापू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-काचेसंबंधीच्या ४३ व्या नियमानुसार टफन्ड काच फुटल्यावर पाच सेंटीमीटर बाजूच्या कोणत्याही चौकोनात किमान ४० तुकडे मोजता आले पाहिजेत. त्या दुपारी आमच्या मांडीवर जे सांडलं, ते काचेने आपलं शेवटचं काम चोख केल्याचं लक्षण होतं.

पुढची काच वेगळी असते. तिच्यात काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू खाली पडला. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यामुळे तो तडकला, पण विखुरला नाही. लॅमिनेटेड काचेची कल्पना त्यातून निघाली. अशा काचेवरचा लहान टवका राळ भरून बुजवता येतो. टफन्ड काचेला ती सोय नाही. ती एकदा घडली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, सांधताही येत नाही. फुटली की बदलायची. काही कंपन्या आता छतालाही लॅमिनेटेड काच देतात. ती महाग आणि जड असते, पण तडकली तरी जागेवर राहते.

नक्की काय लागलं?

फुटलेल्या सनरूफचा मालक पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि उत्तर बहुधा पुराव्यासकट रस्त्यावर उडून गेलेलं असतं. तरी संशयित मोजकेच आहेत.

पहिला दगड. महामार्गावर दोन गाड्यांचे वेग एकत्र येतात आणि वाटाण्याएवढा खडाही टोकाने लागला तर दाबाचा थर भेदू शकतो. दुसरा संशयित काचेची कड. काचेचा मधला भाग दणकट, कड मात्र नाजूक. ने-आण करताना कडेला बसलेला टवका कित्येक महिने गप्प बसतो आणि एखाद्या थंड सकाळी किंवा खड्ड्याच्या धक्क्याने जागा होतो. पिकअपमध्ये ही बाजू विशेष महत्त्वाची. त्याची केबिन आणि मागचा हौदा शिडीसारख्या पोलादी चॅसीवर वेगवेगळे बसवलेले असतात. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की चॅसी पिळली जाते. केबिनखालचे रबरी माउंट बराचसा पीळ गिळतात, पण चौकट आधीच वाकडी असेल किंवा काच एका कोपऱ्यात ताणून बसवली असेल, तर उरलेला पीळ काचेवर येतो.

तिसरा संशयित काचेच्या कडेचा काळा पट्टा. तो रंग नसून काचेवर तापवून भाजलेला सिरॅमिकचा थर असतो. खालचा डिंक आणि यंत्रणा त्याने झाकली जाते, पण तो थर जिथे असतो तिथे काचेची ताकद कमी होते. मोठ्या पॅनोरामिक छतांवर हा पट्टा रुंद असतो. दक्षिण कोरियाच्या चाचणी संस्थेने अशा काचांवर पोलादी गोळे टाकून पाहिले आणि हा प्रश्न जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचापुढे नेला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडेही आपोआप फुटलेल्या सनरूफच्या तक्रारी गेली अनेक वर्षं येत आहेत.

चौथा संशयित सगळ्यांत अद्भुत. काच वितळवताना निकेल आणि गंधक यांचा अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण तिच्यात राहून जातो. ३७९ अंशांच्या वर या निकेल सल्फाइडचं एक रूप असतं, खाली दुसरं. काच झटक्यात थंड केल्यामुळे उष्ण रूप आत अडकून पडतं. मग महिन्यांनी किंवा वर्षांनी, साध्या हवामानात, ते हळूहळू थंड रूपात बदलतं आणि २ ते ४ टक्के फुगतं. ताणाच्या गाभ्यात एवढी फूग पुरते. मेलबर्नमध्ये १९५८ मध्ये उभ्या राहिलेल्या आयसीआय हाउस या इमारतीच्या काचा अशा फुटून पडू लागल्या होत्या आणि १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या बॅलेन्टाइन यांनी कारण दाखवून दिलं. अशा काचेच्या फुटण्याच्या मुळाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात आणि त्यांच्या सांध्यावर तो कण असतो. गाडीची काच पातळ असल्याने तिच्यात हे क्वचित घडतं, पण घडू शकतं.

म्हणून काच अजून चौकटीत असेल तर तिचा जवळून फोटो काढावा. सगळ्या चिरा जिथून निघाल्या तो बिंदू मधे आहे की कडेला, तिथे खळगा आहे का, हे टिपावं. वॉरंटीच्या वादात हा एक फोटो अनेक शब्दांपेक्षा उपयोगी पडतो.

पहिला तास

पहिली गोष्ट, सनरूफचं बटण दाबायचं नाही. घाबरलेला माणूस काच बंद करायला जातो आणि हलणारी चौकट सगळे खडे रुळांमध्ये ओढून नेते. काचेखालचा सरकता पडदा हाताने ओढता येत असेल तर ओढून घ्यावा. विजेवर चालत असेल तर त्यालाही हात लावू नये. एसीचा पंखा बंद करावा, कारण डॅशबोर्डच्या जाळ्यांत पडलेले खडे पंखा सुरू होताच डोळ्यांत उडतात. आणि वेग कमी करावा. छतावरून धावणारी हवा वर ओढ निर्माण करते. आमची काच सांडण्याआधी वर फुगली ती याच ओढीने.

उरलेली काच कडेला थांबल्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, बाहेरच्या बाजूने काढावी. आत ढकलू नये. मग जाड प्लास्टिकचा कागद. रंगावर थेट चिवट टेप लावला की काढताना रंग निघतो, म्हणून आधी रंगाऱ्याचा मास्किंग टेप आणि त्यावर मजबूत टेप. समोरची कड आधी, नीट दाबून, कारण वारा तिथूनच शिरतो. असं झाकण शहरात हळू चालवून गॅरेजपर्यंत नेण्यापुरतं असतं. महामार्गावर ते तासभरही टिकत नाही.

कागदपत्रं आणि काचेचा पत्ता

अमेरिकेत दगडाने फुटलेली काच सहसा कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात येते आणि ठरलेली रक्कम मालकाने आधी भरायची असते. भारतातल्या नेहमीच्या वाहन विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापला जातो. घसारा न कापणारं झिरो-डेप संरक्षण घेतलेलं नसेल तर सनरूफच्या बिलात काच पूर्ण मिळते, पण बीडिंग, नळ्या आणि प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांचा निम्मा भार आपल्यावर येतो. अंदाजपत्रक घेताना हे भाग वेगवेगळे लिहून घ्यावेत.

काच मागवताना "अमुक सालचा पिकअप" एवढं सांगून भागत नाही. अमेरिकी पिकअप मूळचा शेतावरचा आणि बांधकामावरचा घोडा. गेल्या काही दशकांत तो कुटुंबाची गाडी झाला आणि त्याच्या छतावर काच आली. २०१५ च्या फोर्ड एफ-१५० ला दोन काचांचं मोठं छत मिळालं, २०१९ च्या रॅम १५०० लाही. एकाच सालच्या एकाच मॉडेलमध्ये लहान सनरूफ, दोन काचांचं छत आणि साधं पत्र्याचं छत असे तिन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे चॅसी नंबरची १७ अक्षरं द्यावीत. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा तुकडा सापडला तर तो जपून ठेवावा. त्यावर बनवणाऱ्याचा क्रमांक, काच टफन्ड की लॅमिनेटेड आणि तिचा दर्जा लिहिलेला असतो. भारतात त्याच जागी आयएस २५५३ या मानकाची खूण शोधावी.

नवी काच एकटी येत नाही. तिच्या कडेभोवती प्लास्टिकची चौकट ओतलेली असते आणि तिच्यातच रबरी बीडिंग बसवलेलं असतं. हा सगळा एकच भाग म्हणून घ्यायचा. दोन काचांच्या छतात पुढची काच सरकते आणि स्क्रूवर बसते. मागची अनेकदा स्थिर असते आणि युरेथेनच्या डिंकाने चिकटवलेली असते. ती कापून काढणं आणि डिंक पुरा वाळेपर्यंत गाडी उभी ठेवणं हे काचवाल्याचंच काम. आमच्या नशिबाने पुढची फुटली होती.

पाण्याला वाट

रत्नागिरीच्या आमच्या घरी मे महिना संपायच्या आत शाकारणी व्हायची. कौलं उतरवून झटकायची, फुटकी बदलायची, पन्हळीत साचलेला पाचोळा काढायचा. आजोबा सांगायचे, कौल पाणी अडवत नाही, पुढच्या कौलावर सोडतं. कौलाखाली थोडं पाणी येणारच. ते कुठे जातं, हे बघायचं. पिकअपच्या छताशी उभी राहिले आणि मला ते शब्द नव्याने कळले.

सनरूफबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की काचेभोवतीचं रबर पाणी रोखतं. ते वारा आणि आवाज रोखतं, पाणी फक्त कमी करतं. जोराच्या पावसात थोडं पाणी रबराच्या पलीकडे झिरपणार, हे धरूनच रचना केलेली असते. काचेखाली चारही बाजूंनी एक उथळ पन्हळ फिरते. तिच्या चारही कोपऱ्यांना भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला बोटापेक्षा बारीक नळी जोडलेली असते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेशेजारच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीपाशी किंवा पुढच्या चाकामागे उघडतात. मोटारीत मागच्या नळ्या पार डिकीच्या टोकापर्यंत जातात. पिकअपची केबिन मात्र मागच्या सीटपाशीच संपते, म्हणून त्या केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतून खाली उतरतात आणि हौद्याच्या अलीकडे बाहेर पडतात. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या अस्तरातून मागच्या सीटखाली उतरतं. अनेक पिकअपमध्ये तिथे वायरिंग आणि गालिच्याखाली स्पंजाचा जाड थर असतो. तो थर महिनाभर ओला राहिला तरी वरून पत्ता लागत नाही. मग कुबट वास येतो आणि वायरींच्या जोडांना गंज चढतो.

आता फुटलेल्या काचेचा विचार करा. हजारो खडे आणि त्यांच्यासोबत पिठासारखी काचेची भुकटी त्या पन्हळीत पडलेली असते. घाईत नवी काच बसवली तर छत सुंदर दिसतं. मग पहिल्या पावसात भुकटीचा चिखल होऊन नळ्यांच्या तोंडाशी बसतो. नव्या काचेला दोष दिला जातो, रबर बदललं जातं, सिलिकॉनचे थर फासले जातात. खरा दोष अर्ध्या मीटर खाली, नळीत असतो. म्हणून सांगते, सनरूफ बदलणं म्हणजे नव्वद टक्के साफसफाई.

दोन दिवसांचं काम

पहिला पूर्ण दिवस आम्ही फक्त खडे काढले. सीटवर जुन्या चादरी, नाकाला मास्क, हातात जाड मोजे. व्हॅक्यूमच्या नळीला अरुंद तोंड लावून काम वरून खाली केलं. आधी पन्हळ, मग रूळ, मग छताच्या अस्तराची कड, शेवटी सीट आणि गालिचा. उलट क्रमाने केलं तर खाली साफ केलेल्या जागी वरून पुन्हा खडे पडतात. समोर उभी राहणारी वाऱ्याची जाळी खास तपासली, कारण तिच्या विणीत खडे अडकतात. सीटबेल्टच्या कुलपात, सीटच्या रुळांत, दाराच्या कप्प्यांत खडे मिळाले. सगळं साफ वाटलं तेव्हा आम्ही दिवे बंद केले आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. गालिचाभर चांदण्या चमकल्या. अजून दीड तास गेला.

रुळांमधलं जुनं ग्रीस पूर्ण पुसून टाकावं लागतं. त्यात अडकलेली काच म्हणजे सॅंडपेपर. ती प्लास्टिकच्या सरकपट्ट्या महिनाभरात खाऊन टाकते. पुसताना पट्ट्यांना तडा आहे का, उचलणारे दांडे सरळ आहेत का, चौकट कुठे दबली आहे का, हेही पाहावं. दगडाऐवजी फांदी पडून काच फुटली असेल तर चौकट वाकलेली असू शकते, आणि वाकड्या चौकटीवर बसवलेली नवी काच पुन्हा फुटते. नवं ग्रीस गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच, आणि तेही बोटभर. बीडिंगला सिलिकॉनचं वंगण लावावं. पेट्रोलियमचं तेल लावलं की रबर फुगतं.

एक इशारा मनापासून देते. छताच्या अस्तराच्या कडेने आणि खांबांच्या आवरणांमागे पडद्यासारख्या एअरबॅग घडी करून ठेवलेल्या असतात. अस्तर किंवा खांबाचं आवरण उतरवायचं असेल तर आधी बॅटरीची ऋण तार काढून, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावं, आणि सवय नसेल तर ते काम जाणकाराकडे द्यावं. नुसती पुढची काच बदलायला सहसा अस्तर उतरवावं लागत नाही.

काच बसवणं त्यामानाने सोपं. दोन्ही कडांची प्लास्टिकची आवरणं काढली की काचेला धरणारे स्टार डोक्याचे स्क्रू दिसतात. जुनी चौकट सोडवून बाहेरून वर उचलली, नवी काच दोघांनी मिळून वरून सपाट उतरवली आणि सगळे स्क्रू आधी हातानेच, सैल लावले. सगळी कसोटी इथून पुढे. काच छताच्या पत्र्याशी समपातळीत हवी, पण अगदी तंतोतंत नको. पुढची कड पत्र्याच्या बरोबरीने किंवा केसभर खाली, मागची कड बरोबरीने किंवा केसभर वर. फरक एका मिलिमीटरच्या आतला. पुढची कड वर राहिली की वारा तिला धडकतो आणि शिटी वाजते. मागची खाली राहिली की तिथे पाणी साचतं. पट्टी आडवी ठेवून चारही कोपरे पुन्हा पुन्हा पाहिले आणि मगच पुस्तिकेतल्या मापाने स्क्रू आवळले. जोर लावायचा नसतो, कारण खाली प्लास्टिक असतं. शेवटी कागदाची पट्टी बीडिंगमध्ये धरून काच बंद केली आणि पट्टी ओढून पाहिली. चारही बाजूंना ती सारख्याच अडथळ्याने निघाली पाहिजे.

मग मोटरला नव्या काचेची ओळख करून द्यायची. काच कुठे थांबते आणि किती जोर लागतो, हे तिचा संगणक लक्षात ठेवतो. बटण पुस्तिकेप्रमाणे दाबून धरलं की काच एकदा पूर्ण उघडून बंद होते आणि मापं नव्याने नोंदली जातात. हे टाळलं तर काच अर्ध्यावरून मागे फिरते किंवा त्याहून वाईट, अडथळा ओळखत नाही. स्वयंचलित बंद होणाऱ्या छतासाठी अमेरिकेच्या ११८ क्रमांकाच्या सुरक्षा नियमात १०० न्यूटनची मर्यादा आहे, म्हणजे साधारण दहा किलोच्या भाराएवढी. ती गाठण्याआधी काच मागे फिरली पाहिजे, कारण मध्ये सापडणारा हात बहुधा लहान मुलाचा असतो.

आपल्याकडे

आपल्याकडे सनरूफवाला पिकअप क्वचितच, पण गाड्यांच्या छताला काच आता सर्रास दिसते आणि तिच्यातून डोकं बाहेर काढून उभी राहिलेली मुलंही. हे बघून पोटात गोळा येतो. अचानक ब्रेक लागला की मूल चौकटीच्या कडेवर आपटतं. आणि पुढच्या ट्रकमधून उडालेला खडा काचेला जो मार देतो, तोच मार त्याच्या कपाळाला देऊ शकतो. सनरूफ प्रकाशासाठी आणि हवेसाठी आहे, उभं राहण्यासाठी नाही. हे आईवडिलांना कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगितलं पाहिजे.

आणि मेमध्ये, पहिल्या पावसाच्या आधी, शाकारणी करावी. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची पन्हळ पाकळ्या आणि बारीक पानांनी भरते. काच उघडून पन्हळ ओल्या फडक्याने पुसावी आणि चारही कोपऱ्यांत लोटाभर पाणी हलक्या हाताने ओतावं. काही क्षणांत गाडीखाली चार ठिकाणी पाणी टपकलं पाहिजे. टपकलं नाही तर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. नळी आतल्या आत तोंडावरून निसटते आणि मग सगळं अस्तर उतरवावं लागतं. खालच्या टोकाला व्हॅक्यूमची नळी धरून हलकं ओढावं, किंवा नायलॉनची लवचीक दोरी वरून सावकाश सारावी.

आमच्या पिकअपच्या तीन कोपऱ्यांतून पाणी लगेच उतरलं. डाव्या बाजूचा मागचा कोपरा भरून तसाच राहिला. मावसभाऊ गाडीखाली आडवा झाला, नळीच्या टोकाला व्हॅक्यूम धरलं, मी वरून थोडं थोडं पाणी ओतत राहिले. तिसऱ्या खेपेला पाणी सुटलं. बाहेर आलं ते आधी चिखल, मग पाइन वृक्षाच्या सुया, आणि शेवटी काचेचे दोन खडे. म्हणजे ती नळी काच फुटण्याच्या कितीतरी आधीपासून तुंबत आली होती. मागची सीट उचलून आम्ही गालिच्यावर हात दाबला, तर बोटं ओली झाली. तो गालिचा सुकवायलाच दुसरा दिवस गेला.

आठवडाभराने डेन्व्हरला ओला बर्फ पडला आणि दुपारी उन्हाने वितळू लागला. मी अंगणात गेले आणि उकिडवी बसून गाडीखाली पाहिलं. चारही कोपऱ्यांतून थेंब पडत होते, वळचणीच्या पागोळ्यांसारखे, एका लयीत. दार उघडून मागच्या सीटखाली हात घातला. गालिचा कोरडा होता.